तारेवरचे चेहरे

डबा बिस्किटांचा होता. आत पुठ्ठ्याचे छोटे छोटे चेहरे होते. कुणी गोल, कुणी लांबुडका, कुणाच्या डोक्यावर टोपीचा उंचवटा. नाक-डोळे काही नाही, नुसते कापलेले आकार, आणि प्रत्येकाला मागून एक बारीक तार चिकटपट्टीने लावलेली. मी नोंद केली: खेळणी. पुठ्ठ्याच्या बाहुल्या, तारेवर. बहुधा सावल्यांच्या खेळासाठी.

यात माझी चूक किती आणि माझ्या लेकीची किती, हे सांगणं कठीण आहे. ठकी दीड वर्षाची आहे. आमच्या घरात हात घालावा तिथून खेळणं निघतं. चपलेतून, उशीच्या अभ्र्यातून, एकदा पिठाच्या डब्यातून. अशा बाईसमोर तारेवरचा पुठ्ठ्याचा चेहरा ठेवला तर तिला दुसरं काय सुचावं?

मी संग्रहालयाच्या भांडारात काम करते. वर दालनांत लोकांना दिसतं ते मूठभर, बाकी सगळं खाली तळघरात, आमच्या ताब्यात. आलेली वस्तू पुसायची, मोजायची, तिला क्रमांक द्यायचा, ती काय आहे ते चार ओळींत लिहायचं आणि मऊ कागदात गुंडाळून पेटीत निजवायची. निजवायची असंच आम्ही म्हणतो. मी रुजू झाले तेव्हाही म्हणायचे, आई झाल्यावर त्या शब्दाचा अर्थ कळला. पेटीतल्या वस्तू एकदा निजल्या की उठत नाहीत, एवढं एक सुख आहे त्या नोकरीत.

डबा ज्याचा, तो छायाचित्रकार मागच्या वर्षी वारला. जन्मभर त्याने काम करणारी माणसं टिपली. गोदीतले हमाल, छापखान्यातली अक्षरं जुळवणारी पोरं, मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरातल्या बाया. लोक त्याला ‘फोटोवाला’ म्हणायचे, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. त्याची पद्धत अशी की तो कुणाला उभं करायचा नाही, कुणाला हसायला सांगायचा नाही. कामाच्या जागी कोपऱ्यात स्टूल टाकून बसायचा, आठवडेच्या आठवडे, लोकांना त्याचा विसर पडेपर्यंत. मग फोटो काढायचा. त्याच्या फोटोंत कुणी कॅमेऱ्याकडे बघत नाही, याचं मोठं कौतुक झालेलं आहे. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. भाच्याने घर रिकामं केलं तेव्हा सगळं उचलून आमच्या दारात आणून ठेवलं. निगेटिव्हच्या पेट्या, प्रिंट, चिकटपट्टीने सांधलेला कॅमेरा, ते स्टूल, धुलाईघरातला गरम चादरी उचलायचा लाकडी चिमटा, एका बाईचा नंबर टाकलेला अंगरखा, आणि हा डबा.

“मूलबाळ नाही म्हणतेस, मग खेळणी कुणाची?” मॅडमनी विचारलं. मॅडम म्हणजे आमच्या संग्रहाच्या प्रमुख.

“भाच्याची असतील.”

“हळवा होता म्हणजे. लोकांना हे आवडेल. येत्या प्रदर्शनात एका काचेच्या पेटीत मांड.”

मी मांडली. खाली पाटी लावली, ‘फोटोवाल्याची हळवी बाजू’. शब्द मॅडमचे, पण अक्षरं माझी.

त्याच आठवड्यात त्या बाई आल्या.

मी जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर बसून सासूबाईंना फोन करत होते. ठकीने काय खाल्लं, काय थुंकलं, हा रोजचा पाठ चालू होता. चौकीदाराने हाक मारली, “बाई, कुणी आलंय. म्हणे, तुमच्या प्रदर्शनात त्यांचा फोटो लागणार आहे.”

असे लोक येतात. कुणाला वाटतं तो हमाल आपला आजा आहे, कुणाला वाटतं ती गल्ली आपली. बहुतेकांचं चुकतं. आपण ऐकून घ्यायचं आणि चहा द्यायचा, असं मॅडमनी शिकवलंय.

साठीच्या पुढच्या बाई, उंच, हातात पांढरी काठी नाही पण पाऊल टाकायच्या आधी जमीन चाचपणारी चाल. डोळ्यांना जाड चष्मा, त्यातलं एक भिंग दुधी.

“मी ती पाठीवरची,” त्या म्हणाल्या.

मला कळायला वेळ लागला नाही. फोटोवाल्याचा सगळ्यात गाजलेला फोटो आहे, ‘पाठीवरचा उजेड’. शाळेच्या पुस्तकात आहे, टपाल तिकिटावर आहे. धुलाईघरात एक बाई ओल्या चादरींनी भरलेली ढकलगाडी पुढे रेटत येते आहे. मागे मोठी खिडकी, वाफ, उजेड. बाईचा चेहरा पूर्ण काळा, नुसती आकृती, डोक्याला बांधलेल्या रुमालाची गाठ बाजूला निघालेली. आणि तिच्या पाठीला बांधलेलं बाळ खांद्यावरून डोकावतंय, त्याच्या गालावर सगळा उजेड. बाळाची मूठ आईच्या हनुवटीखाली, तिची कॉलर घट्ट धरून. त्या काळ्या आकृतीवर किती जणांनी किती लिहिलंय. कष्टाची अनाम मूर्ती, मुकी माता, वगैरे.

“धुलाईघरात माझ्या आईचा नंबर बावीस होता,” त्या म्हणाल्या. आणि काही न विचारता उजवा पंजा पुढे केला. करंगळी पहिल्या पेरापाशी बाहेरच्या बाजूला वळलेली होती. “जन्मापासूनची. फोटोत बघ.”

मी भिंग घेऊन बघितलं. कॉलर धरलेल्या मुठीत करंगळी तशीच वळलेली होती. आणि भांडारातल्या अंगरख्यावर बावीस आकडा होता, पण ते मी त्यांना त्या क्षणी सांगितलं नाही. चहा मात्र दिला.

“माझा फोटो मला नकोय,” त्या चहा फुंकत म्हणाल्या. “माझा फोटो सगळ्या जगाकडे आहे. मी बसवर कंडक्टर होते, तीस वर्षं तिकिटं फाडली. एकदा एका पोराने माझ्याच तोंडावर माझंच टपाल तिकीट चिकटवलेलं पाकीट धरलं, मावशी, उतरल्यावर पेटीत टाकाल का म्हणून. टाकलं. मला आईचा चेहरा हवाय.”

“दुसरा फोटो नाही?”

“कामाच्या ओळखपत्रावर एक होता. तो तिच्याबरोबरच गेला. मी लहान होते तेव्हा ती गेली. तिचा आवाज आठवतो. हात आठवतात, त्यांना सोड्याचा वास यायचा. चेहरा आठवायला गेलं की हाच काळा ठिपका येतो. पुस्तकातला.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “काचबिंदू आहे. हा डोळा गेला. हा जायचाय. डॉक्टर तारीख देत नाहीत, पण त्यांच्या बोलण्यावरून कळतं. म्हणून आत्ता आले. मला एवढंच सांग, तुमच्याकडे ती फिल्म आहे ना, तीत तिचा चेहरा आहे का?”

मी म्हटलं, बघते.

मॅडमकडे गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. त्या काही वाईट नाहीत, हे आधीच सांगते. पण नियम म्हणजे त्यांचा कणा.

“प्रिंट हीच त्याची कलाकृती,” त्या म्हणाल्या. “निगेटिव्ह म्हणजे कच्चा माल. त्याने चेहरा काळा ठेवला, तर तो काळाच आहे. आपण उजळला तर उद्या कुणीही येईल, माझा बाप बारीक करून द्या म्हणेल.”

“नुसतं बघायला?”

“स्कॅन आहे ना. बघ.”

स्कॅन मी बघितला. कुणा कंत्राटदाराने शेकड्याने केलेला, छोटा. चेहऱ्याच्या जागी उजेड वाढवला की वाळू, आणखी वाढवला की जास्त वाळू. मोठा, चांगला स्कॅन करून घ्यायचा तर निगेटिव्ह बाहेर पाठवायला लागतं, आणि मॅडम निगेटिव्हला दाराबाहेर सोडत नाहीत. खाली आमची जुनी डार्करूम आहे. तिथे एक प्रिंटर काका त्या दिवसांत येत होते, फोटोवाल्याच्या बुरशी लागलेल्या प्रिंट प्रदर्शनासाठी नव्याने करून द्यायला. त्यांना विचारलं. त्यांनी निगेटिव्ह दिव्यासमोर धरलं, एक डोळा मिटला, दुसरा मिटला.

“चेहऱ्यापाशी पातळ आहे. पण आहे काहीतरी. नुसतं सरळ छापलं तर काळंच येणार. आणि तुमच्या मॅडमनी मला बजावलंय, जशी जुनी प्रिंट तशी नवी, एक केस इकडचा तिकडे नाही. मी पोटावर काम करतो, बाई, ध्येयावर नाही.”

त्या संध्याकाळी ठकी माझ्या मांडीवर झोपली आणि मला हलता येईना, म्हणून मी फोनमधले फोटो चाळत बसले. ठकी बादलीत, ठकी टेबलाखाली, ठकी आजीच्या चपला घालून. जिथे ती माझ्या कडेवर आहे तिथे माझा दंड आहे, खांदा आहे, एकदा अर्धी हनुवटी आहे. नवऱ्याला म्हटलं, “तू मला मानेपासून वर कधी बघितलंच नाहीस का?” तो म्हणाला, “अगं ती हलत असते, तिला पकडायला जातो मी.” खरं होतं. कुणीही तिलाच पकडायला जाईल, मीही. म्हटलं, ठीक आहे. पण झोप जरा उशिरा लागली.

मग तो काचेच्या पेटीचा प्रकार झाला.

प्रिंटर काका तयार प्रिंट घेऊन दालनात आले होते. भिंती मोजून झाल्या, चहा झाला, आणि जाता जाता ते त्या पेटीपाशी थांबले. पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग हसायला लागले, इतके की स्टुलावर बसले. फोटोवाल्याच्या स्टुलावर, ज्याला हात लावायला आम्हाला हातमोजे घालावे लागतात.

“उठा आधी तिथून,” मी म्हटलं. “काय झालं?”

“हळवी बाजू,” ते म्हणाले. “अगं पोरी, ही त्याची हत्यारं आहेत. माझ्याकडे पण आहेत अशी. मी आइस्क्रीमच्या खोक्याची करतो.”

मला काही कळेना. त्यांनी डोळे पुसले आणि हातानेच समजावून सांगितलं. “एन्लार्जरचा, म्हणजे फोटो मोठा करायच्या यंत्राचा दिवा वर, मधे निगेटिव्ह, कागद खाली. कागदावर जिथे जास्त उजेड पडेल तिथे तो जास्त काळा होतो. उलटा कारभार. आता एखाद्याचा चेहरा काळवंडू द्यायचा नसेल तर काय करायचं? तेवढ्या वेळात काही क्षण त्याच्यावर सावली धरायची. हात धरला तर हाताएवढी सावली पडेल, म्हणून चेहऱ्याएवढा पुठ्ठा. तार बारीक, तिची सावली लागत नाही. आणि हात सारखा हलता ठेवायचा, थांबला की कड दिसते.”

“म्हणजे बाळाच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून आपण हात धरतो तसं.”

“अगदी तसं. फक्त इथे सावली धरली की माणूस उजळतो.”

मॅडमना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी कपाळावर हात मारला नाही, पण हात कपाळापर्यंत गेला होता. “पाटी काढ,” एवढंच म्हणाल्या. “आणि ठकीला महिनाभर खेळणी देऊ नकोस.”

पाटी काढली, डबा पुन्हा खाली नेला आणि नव्याने नोंद करायला बसले. आता प्रत्येक आकार म्हणजे कुणाचा तरी चेहरा होता, कुठल्या तरी प्रिंटमधला. काकांना म्हटलं, जरा जुळवून देता का, नाहीतर माझी पुन्हा बाहुली व्हायची. ते एन्लार्जरखाली एकेक आकार धरायचे. वर नेला की सावली मोठी, खाली आणला की लहान, असं करत करत सावली चेहऱ्यावर बरोबर बसली की “हा आला,” म्हणायचे. टोपीवाला हमाल आला. छापखान्यातला वाकडा मुलगा आला.

डब्याच्या तळाशी दोन आकार एकाच रबराने बांधलेले होते. रबर हात लावताच तुटलं. लहान आकार गोल, जवळजवळ लाडूच. तो त्या बाळाचा निघाला. दुसरा मोठा होता. एका बाजूला गाठीसारखा फुगवटा आणि हनुवटीच्या खाली एक खाच, कुणी चावा घेतल्यासारखी.

मी तो बघितला आणि काकांपुढे धरला. काकांनीही बघितला.

“रुमालाची गाठ,” ते म्हणाले.

“आणि ही खाच मुठीची. मूठ आधीच उजेडात आहे, तिच्यावर सावली नको म्हणून कापलीय.”

काकांनी आकार दिव्याखाली धरला. थोडा वर, थोडा खाली. सावली बाईच्या काळ्या चेहऱ्यावर पांघरुणासारखी बसली, मुठीला न लागता. पुठ्ठ्याच्या कडा हाताळून मऊ झाल्या होत्या. तार एकदा बदललेली दिसत होती, जुन्या पट्टीवर नवी पट्टी होती.

“हा गडी एकदा नाही, पुष्कळदा बसलाय हिच्यापाशी,” काका म्हणाले. “आणि मग दिला सोडून.”

मी पुठ्ठा ताटलीत घालून तशीच वर गेले. मॅडम फोनवर होत्या. त्यांनी हाताने थांब म्हटलं, मी थांबले, पण ताटली त्यांच्या टेबलावर ठेवली. फोन संपल्यावर मी सगळं सांगितलं.

“म्हणजे त्याने करून बघितलं,” मॅडम म्हणाल्या, “आणि नको म्हणून सोडलं. मग तर प्रश्नच मिटला. त्याने सोडलेलं आपण उचलायचं नाही.”

“सोडलं असतं तर डब्यात जपलं नसतं.”

“माणसं काय वाट्टेल ते जपतात. माझ्या आईकडे माझे दुधाचे दात आहेत.”

“ते दात फेकायला मागून बघा. देतील का त्या?”

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “तू बाळंतपणाच्या रजेवरून आलीस तेव्हापासून फार बोलायला लागलीयस.”

“रजेत दिवसभर घरी बोलायला कुणी मोठं माणूस नव्हतं, मॅडम. ठकीशी किती बोलणार.”

त्यांनी पुठ्ठा उचलला. मोजे न घालता उचलला, हे मी मनात नोंदवलं. बोटाने ती खाच चाचपली.

“त्या बाईंचा डोळा,” त्या म्हणाल्या, “खरंच जायचाय?”

“खरंच.”

“अभ्यासासाठीची प्रिंट, असं लिही. त्याच्याच हत्याराने, त्याच्याच निगेटिव्हवरून, एकच. भिंतीवर लागणार नाही. आणि ती झाल्यावर मला दाखवायची.”

मी जिना उतरले तो पळतच.

त्या बाई ठरल्या वेळी आल्या. डार्करूममध्ये मला थांबायचंय म्हणाल्या. काकांनी सांगितलं, “मावशी, आत लाल दिवा असतो, तुम्हाला काही दिसायचं नाही.”

“मला बाहेर तरी काय दिसतंय? थांबते. ती यायच्या वेळी मी खोलीबाहेर नको.”

“किती मोठी करू?”

“मला दिसेल एवढी.”

काकांनी तिथला सगळ्यात मोठा कागद घेतला आणि एन्लार्जरचं डोकं वर, छताला लागेपर्यंत चढवलं. लहान चाचण्या त्यांनी सकाळीच, तेवढ्या कोपऱ्याच्या पट्ट्यांवर करून ठेवल्या होत्या. मला दाखवल्या नव्हत्या. दिवा लागला. त्यांचा हात कागदावर भिरभिरायला लागला, तारेच्या टोकाला तो पुठ्ठा, थोडा इकडे, थोडा तिकडे. पाळणा हलवणाऱ्या हातासारखा, थांबत नव्हता. तोंडाने ते आकडे पुटपुटत होते. दिवा विझला. कागद डेव्हलपरच्या द्रावणात गेला.

आधी खिडकी आली. मग गाडी, चादरी, बाळ. बाळ नेहमीसारखं. मग त्या काळ्या जागेत काहीतरी करडं हललं, निदान मला हलल्यासारखं वाटलं, आणि रुमालाखालून कपाळ आलं. भुवया आल्या. मी पुढे वाकले आणि तशीच राहिले.

त्या भुवया एकमेकींना भिडल्या होत्या. तोंड उघडं होतं, चांगलं ऐसपैस उघडं, खालचे दात दिसण्याइतकं. डोळे सरळ आमच्यावर रोखलेले. ही कुणी मुकी माता नव्हती. ही बाई कुणाला तरी झाडत होती.

काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे. त्या लाल उजेडात आम्हा दोघांना एकच चिंता. या बाईने जन्मभर वाट बघितली ती काय याची?

“आली का?” मागून आवाज आला.

“आली, मावशी,” मी म्हटलं.

“कशी आहे?”

काही गोड बोलावं असं वाटलं. पण त्या स्वतः थोड्या वेळात बघणारच होत्या, आणि खोटं फार वेळ टिकलं नसतं.

“चिडलेली आहे,” मी म्हटलं.

प्रिंट पक्की होऊन धुऊन होईपर्यंत नळ वाहत राहिला. मग काकांनी मोठी काच आणली, तिच्यावर ओली प्रिंट पसरली, आणि आम्ही दोघांनी काच उचलून बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी, टेबलावर तिरकी उभी केली. मॅडमना निरोप गेला होता. त्या येऊन दारात उभ्या राहिल्या.

बाई प्रिंटच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचा श्वास कागदाला लागत होता. वस्तूपासून हातभर लांब, असा आमचा नियम आहे. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

चांगला डोळा आधी रुमालावर गेला, मग कपाळावर, मग खाली. एखादा नकाशा वाचावा तशा त्या वाचत होत्या. तोंडापाशी आल्यावर थांबल्या. स्वतःचं तोंड तसंच उघडून बघितलं. आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, मी खुर्ची घेऊन पुढे झाले.

त्या हसत होत्या.

“‘हो बाजूला’ म्हणतेय,” त्या म्हणाल्या. “हा मधे आला असणार. चादरी ओल्या असल्या की ती गाडी म्हैस व्हायची, एकदा सुटली की थांबायची नाही. हा बाबा फोटो काढायला वाटेत उभा. मग काय, ओवाळणार होती त्याला? ‘हो बाजूला, मेल्या, चाकाखाली येशील.’ ही माझी आई. आईगं, ही माझी आई.”

“मेल्या म्हणाली असेल?” काकांनी विचारलं.

“दुसरी शिवी तिला येतच नव्हती. सगळ्यांना तीच. मुकादमाला, भाजीवाल्याला, मला पण. मी पण बसमध्ये तीस वर्षं हेच केलं, बाजूला व्हा, पुढे सरका. आज कळलं कुठून आलं ते.”

मॅडम आत आल्या होत्या. प्रिंटसमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ.

“ही थेट कॅमेऱ्याकडे बघतेय,” त्या म्हणाल्या. हळू आवाजात, कुणाला तरी कळेल अशा भीतीने. “आपण प्रदर्शनाच्या पुस्तिकेत काय छापलंय? त्याच्या कॅमेऱ्याकडे कुणी बघत नाही. त्यांना तो दिसतच नाही.”

“दिसत होता,” काका हात पुसत म्हणाले. “चांगला दिसत होता. जो बघायचा त्याच्यावर तो सावली धरायचा नाही, इतकंच.”

पुस्तिका छापून आली होती, पेट्या वरच्या मजल्यावर रचलेल्या होत्या. मग मॅडमनी बाईंना विचारलं, आणि मला वाटतं हे विचारणं त्यांना सोपं गेलं नसावं, “ही तुम्हाला प्रदर्शनात लागायला हवीय का? जुनीच्या शेजारी?”

“नको,” बाई म्हणाल्या. प्रिंटवरून नजर काढली नाही. “तुमच्या लोकांची ती काळी बाई आहे, तिच्यापुढे पोरं निबंध लिहितात. त्यांची त्यांना राहू दे. ही घरी भांडायला हवी मला.”

“संग्रहातून बाहेर देता येत नाही...” मॅडमनी सुरुवात केली, आणि मधेच माझ्याकडे वळल्या. “अभ्यासासाठीच्या प्रिंटची नोंद केलीयस का अजून?”

“नाही अजून.”

“मग घाई करू नकोस.”

काका नळाखाली ट्रे धुवायला गेले. मी त्यांच्या मागे जाणार होते, पण बाईंनी माझा हात धरला. त्यांचं बोट प्रिंटवर, ओल्या कागदापासून केसभर अंतरावर थांबलं होतं.

“ही नाकपुडी बघ. चिडली की ही अशी एकच वर जायची. माझ्या मुलीची जाते. मी तिला म्हणायचे, कुठून शिकलीस गं हे, आपल्यात कुणाचं असं नाही.” त्यांचं बोट भुवयांकडे सरकलं. “आवाज आठवत होता, हात आठवत होते, हीच कशी विसरले मी? ती ओरडायची तेव्हा मी मान खाली घालून उभी असायचे. म्हणून असेल. बघितलंच नसेल कधी नीट.”

मी म्हटलं, “मावशी, ओली आहे अजून. आत्ता नेता येणार नाही. उद्या या.”

“सुकायला किती वेळ लागेल?”

“संध्याकाळ होईल.”

“मग मी बसते,” त्या म्हणाल्या, आणि मी आणलेली खुर्ची त्यांनी स्वतःच उचलून काचेच्या अगदी समोर ठेवली.